डावाच पंख का पडायचा? लातूरच्या एका मॉडेल विमानाचं प्रकरण

चौथ्यांदाही डावाच पंख पडला.

मार्चचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेदहा. लातूरच्या बाहेर, विमानतळापासून बऱ्याच लांब, ज्वारी काढून मोकळी झालेली एक पट्टी. विमान उतरायला येत होतं, कमरेएवढ्या उंचीवर होतं, आणि डाव्या पंखाखालचा हात कुणीतरी काढून घ्यावा तसं ते एकदम डावीकडे कलंडलं. पंखाचं टोक ढेकळात रुतलं, प्रोपेलर तुटला, मोटर बसवलेला प्लायवूड दुभंगला. पोरं धावत गेली. मी बांधावरच उभा राहिलो. आधीच्या तीन वेळी पाहिलं होतं तेच पुन्हा पाहायला धावायचं कशाला?

मी लातूर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शिकवतो. विमानशास्त्र हा माझा विषय नाही. फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला लिफ्टचं, म्हणजे पंखाला वर उचलणाऱ्या बलाचं, सूत्र फळ्यावर लिहायचं आणि दोन गणितं सोडवायची, एवढाच माझा विमानाशी संबंध. मुलांना एका स्पर्धेत उतरायचं होतं. बॅटरीवर उडणारं विमान स्वतः बनवायचं, त्यात जमेल तेवढं वजन भरायचं, उडवायचं आणि अख्खं परत उतरवायचं. उतरताना मोडलं की फेरी बाद. टीममध्ये सातजण होते. कप्तान तिसऱ्या वर्षाची मुलगी, पायलट अंतिम वर्षाचा, सिम्युलेटरवर रात्री जागवून तयार झालेला.

विमान साधं होतं. पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर, रुंदी सगळीकडे सारखीच २५ सेंटिमीटर, वजन भरल्यावर २.४ किलो. पंखाचे दोन अर्धे भाग मधोमध कार्बनच्या नळीवर जोडायचे. वेळा अमावस्येला होस्टेल रिकामं झालं, पोरं शेतात जाऊन भज्जी-आंबील खाऊन परतली, आणि त्याच आठवड्यात पंख कापायला घेतला.

पंख आडवा कापला की जी आकृती दिसते तिला एअरफॉईल म्हणतात. पुढे गोल, मागे निमुळती, पाठ फुगीर. मुलांनी नाका २४१२ हा छेद निवडला होता. 'नाका' म्हणजे नासाच्या आधीची अमेरिकन सरकारी संस्था, टोलनाका नव्हे, हा विनोद टीममध्ये वर्षभर चालला. तिच्या लँग्ली प्रयोगशाळेनं १९३३ साली एकाच कुळातल्या ७८ छेदांच्या चाचण्या छापल्या, आणि चार आकडी नावं तिथून रूढ झाली. पहिला आकडा बाक किती, म्हणजे छेदाची मधली रेषा किती वाकलेली, ते सांगतो, दुसरा तो बाक कुठे ते, शेवटचे दोन जाडी. २४१२ म्हणजे रुंदीच्या २ टक्के बाक, पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर, आणि जाडी १२ टक्के. आमच्या २५ सेंटिमीटरच्या पंखात बाक ५ मिलीमीटरचा आणि सर्वांत जाड जागी जाडी ३० मिलीमीटर.

हाच का निवडला, असं विचारल्यावर कप्तान म्हणाली, "सर, सेसना १७२ ला हाच आहे." जगात सर्वांत जास्त संख्येनं बनलेल्या विमानाला जो छेद चालला तो आपल्याला का चालू नये? मला उत्तर पटलं. निवड वाईट नव्हतीच. पण त्या उत्तरात जे दडलं होतं त्याकडे नंतर येतो.

डावा-उजवा कुणाला कळतो?

पहिला संशय उन्हावर गेला. मराठवाड्यात कुठल्याही गोष्टीत पहिला संशय उन्हावरच जातो. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, दुपारचं तापमान ३९ अंश. अशा हवेची घनता घनमीटरला १.०५ किलोच्या आसपास भरते. पुस्तकातल्या गणितात १.२२५ धरतात. म्हणजे हवा १४ टक्क्यांनी पातळ. पंखाला तेवढंच वजन उचलायचं तर वेग वाढवावा लागतो, आणि तो घनतेच्या वर्गमुळानं वाढतो, म्हणजे सुमारे ८ टक्के. दुसऱ्या वर्षाच्या मुलानं हे गणित न चुकता करून दाखवलं. लातूर पॅटर्नमधून आलेली पोरं; गणित करायला कुणाला सांगावं लागत नाही.

मग पहाटे उडवून पाहिलं. २२ अंशांत हवा दुपारपेक्षा साधारण ६ टक्क्यांनी दाट असते, वेगात ३ टक्क्यांची सूट मिळते. विमान तरीही डावीकडेच पडलं. त्या दिवशी शेडमध्ये चहा पिताना कप्तान म्हणाली, "सर, उन्हाला डावं-उजवं कळत नाही."

आख्ख्या प्रकरणाला वळण मिळालं ते या वाक्यानं. त्यानंतर प्रत्येक संशयिताला आम्ही एकच प्रश्न विचारू लागलो: तुला डावा-उजवा कळतो का?

वाऱ्याला कळतो. पण चार पडझडींपैकी दोन वेळा वारा उजवीकडून होता आणि दोन वेळा जवळपास नव्हताच. वारा सुटला.

मोटरला चांगलाच कळतो. मागून पाहिल्यावर आमचा प्रोपेलर घड्याळाच्या दिशेनं फिरायचा, म्हणजे त्याचा उलटा पीळ विमानाला डावीकडे झुकवणार. या संशयितावर आम्ही आठवडा घालवला, मोटर दोन अंश उजवीकडे वळवली. पण उतरताना मोटर मंद असते, आणि तिसऱ्या वेळी तर पायलटनं ती पूर्ण बंद करून विमान तरंगत आणलं होतं. फिरत नसलेल्या प्रोपेलरला पीळ कुठला?

तोल पाहिला. विमान पुढून-मागून दोऱ्यानं टांगलं तेव्हा उजवी बाजू किंचित जड निघाली. या हिशेबानं ते उजवीकडे पडायला हवं होतं. पंखाला पीळ पडला असेल म्हणून दोन्ही अर्धे भाग कडप्प्याच्या फरशीवर ठेवले आणि कोन मोजले. फरक अर्ध्या अंशाच्या आत.

राहिला पायलट. बिचारा चार आठवडे सगळ्यांच्या नजरा झेलत होता. डावा पंख पडायला लागला की तो रिमोटची काठी उजवीकडे मारायचा. कुणीही तेच करेल. उजवीकडे काठी मारली की डाव्या पंखाचा एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, खाली जातो, पंखाच्या त्या भागाचा बाक वाढतो आणि लिफ्ट वाढून पंख वर येतो. एरवी. पण तो पंख आधीच स्टॉलच्या, म्हणजे पाठीवरची हवा सुटून लिफ्ट ढासळण्याच्या, काठावर असेल, तर एलेरॉन खाली करणं म्हणजे काठावरच्याला ढकलणं. पंख आणखी जोरात पडतो. म्हणजे पायलट पडझड वाढवत होता, सुरू करत नव्हता. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सर, हे दोन आठवडे आधी सांगितलं असतं तर दोन आठवडे झोपलो असतो."

पंखाच्या आकारावर कुणीच संशय घेतला नव्हता. दोन्ही भाग एकाच फर्म्यावरून कापलेले, म्हणजे सारखेच असणार, असं आम्ही धरून चाललो. मी धरून चाललो, असं लिहिणं जास्त खरं. फर्मा मीच तपासला होता.

लोकरीचे धागे

विंड टनेल, म्हणजे वारा सोडून पंख तपासायचा बोगदा, आमच्याकडे नाही. पण विमान ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास उतरतं, आणि ताशी चाळीसनं तर पिकअपही जाते. विद्यार्थ्यांपैकी एकाच्या घरची बोलेरो पिकअप मिळाली. केबिनच्या टपावर अँगलचा सांगाडा बांधला, त्यावर, टपापासून मीटरभर वर, पूर्ण पंख बसवला. टपाच्या अगदी जवळ हवा आधीच ढवळलेली असते, म्हणून इतकं वर. पंखाच्या पाठीवर बोटभर लांबीचे लोकरीचे तुकडे ओळीनं चिकटवले आणि मागच्या बाजूला मोबाईल लावला. पहाटे साडेपाचला, रिकाम्या रस्त्यावर, वारा पडलेला असताना फेऱ्या सुरू केल्या. प्रत्येक फेरीनंतर थांबून पंखाचा कोन एका अंशानं वाढवायचा.

लोकरीचा धागा खोटं बोलत नाही. हवा पंखाला चिकटून वाहत असेल तर तो मागच्या दिशेला सरळ पडून राहतो. हवा सुटली की तो वळवळतो, उभा राहतो, उलटा पुढे येतो.

आठ अंशांपर्यंत दोन्ही बाजूंचे धागे शहाण्या मुलासारखे पडून होते. साडेनऊ-दहाच्या आसपास डाव्या भागाचे धागे मधल्या पट्ट्यात एकदम नाचायला लागले. मागच्या कडेपासून हळूहळू पुढे सरकत नव्हे, तर पुढपासून मागपर्यंत एकाच दमात. उजवे शांत. उजवे सुटले ते साडेबारा-तेरा अंशांना, आणि तेही मागून सुरुवात करून, सवडीनं.

व्हिडिओ मोबाईलवर पाहताना पिकअपच्या हौद्यात कुणी बोललं नाही. मग पायलटनं फक्त "हं" म्हटलं.

तीन अंश म्हणजे किती? दहा अंशांना आमचा पंख साधारण ०.९ इतका लिफ्ट गुणांक, म्हणजे उचलण्याच्या ताकदीचा आकडा, देतो, तेरा अंशांना साधारण १.१. आमचं वजन, आमचं क्षेत्रफळ आणि आमची दुपारची हवा घातली तर १.१ ला स्टॉलचा वेग ताशी सुमारे ३७ किलोमीटर येतो आणि ०.९ ला सुमारे ४१. म्हणजे ४१ च्या खाली डावा पंख संपलेला, ३७ पर्यंत उजवा अजून उडतोय. आणि पायलट उतरायला विमान आणायचा ते चाळीसच्या आसपास. बरोबर त्याच फटीत. चढताना आणि वळताना वेग साठच्या पुढे, म्हणून तिथे कधी काही झालं नाही.

कणीक आणि ड्रिल

आता प्रश्न उरला की दोन भागांत फरक कुठे आहे. डोळ्यांना दिसत नव्हता. जाडी मोजली, दोन्हीकडे ३० मिलीमीटरच्या जवळपास. मागची कड दोन्हीकडे सारखीच जाड, दोनेक मिलीमीटर. असायला हवी त्यापेक्षा जाड, पण दोन्हीकडे सारखी. तिलाही डावं-उजवं कळत नव्हतं.

पुढच्या कडेचा, म्हणजे नाकाचा, साचा घ्यायची युक्ती कप्तानची. मेसच्या मावशींकडून घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा आणला, नाकाला तेलाचा हात लावला, गोळा दाबून बसवला आणि सुरीनं मधोमध कापून त्याची कड कागदावर गिरवली. मावशींनी विचारलं, "किती पोळ्यांची लागंल?" दहा पोळ्यांची लागली. पंखाच्या दहा ठिकाणी साचे घेतले.

मग वर्कशॉपमधून ड्रिलचा डबा मागवला. २४१२ च्या नाकाची गोलाई त्या चार आकड्यांत कुठे लिहिलेली नसते, ती जाडीतून निघते: जाडीच्या गुणोत्तराचा वर्ग करायचा आणि १.१ नं गुणायचं. ०.१२ चा वर्ग ०.०१४४, गुणून ०.०१५८, २५० मिलीमीटर रुंदीला ही त्रिज्या ४ मिलीमीटर. म्हणजे ८ चं ड्रिल साच्यात नीट बसायला हवं. उजवीकडच्या पाचही साच्यांत बसलं, एकात जरा सैल. डावीकडे मधल्या तीन साच्यांत ८ चं आत शिरलंच नाही. ६ चं नाही, ५ चं नाही. बसलं ते ३ चं.

चार मिलीमीटरच्या जागी दीड. पंखाच्या दीड मीटरमध्ये अडीच मिलीमीटरची चूक.

ती कशी झाली हे शोधायला आणखी दोन दिवस गेले, कारण ज्याच्या हातून झाली त्याला ती चूक वाटतच नव्हती. पंख गरम तारेनं कापला होता. फोमच्या ठोकळ्याला दोन्ही टोकांना सनमायकाचे फर्मे लावायचे, नायक्रोमची तार तापवून दोघांनी दोन बाजूंनी फर्म्यावरून ओढत न्यायची. तारेची टोकं फर्म्याला टेकलेली असतात, पण मधली तार फोममध्ये मागे रेंगाळते, धनुष्यासारखी. सपाट भागात त्यानं काही बिघडत नाही. नाकाशी मात्र फर्मा झटकन वळतो. टोकं वळण घेऊन पुढे गेलेली असतात आणि मधली तार कोपरा छाटून आडवाटेनं येते. तार जेवढी थंड, तेवढी ती जास्त रेंगाळते. डावा भाग कापला त्या रात्री लाईट गेली होती आणि तार मोटारसायकलच्या बॅटरीवर चालली होती. बॅटरी शेवटी शेवटी दमली, पोरांनी तार जोर लावून ओढली. उजवा भाग दुसऱ्या दिवशी लाईट आल्यावर, निवांत.

तेवढ्यावर भागलं असतं. पण छाटलेलं नाक घासून सारखं करायचं काम दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाकडे होतं, आणि त्यानं पॉलिश पेपरनं ते आणखी टोकदार केलं. मी विचारलं, "अरे, फर्म्यात गोल आहे ना?"

तो म्हणाला, "व्हय सर. पण विमानानं हवा कापत जायचं ना? मग धार नको का? नांगराचा फाळ कुणी गोल ठेवतं का?"

मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. सूत्रं सगळी पाठ होती, पण फाळाला उत्तर सूत्रात नव्हतं.

फाळ का नाही

उत्तर दुसऱ्या दिवशी सुचलं, तेव्हा मी त्याला शेडमध्ये बोलावून सांगितलं. फाळ येतोय हे जमिनीला आधी कळत नाही. हवेला कळतं. पंखाच्या पुढे दाबाचा जो बदल होतो त्याचा निरोप हवेतून आवाजाच्या वेगानं पुढे जातो, ताशी बाराशे किलोमीटरपेक्षा जास्त. आणि आपलं विमान जातंय चाळीसनं. पंख पोचायच्या कितीतरी आधी हवा वर-खाली वाटून जायला लागलेली असते. तिला कापावं लागत नाही. जिथे विमानच निरोपाच्या पुढे पळतं, आवाजापेक्षा वेगानं, तिथे धारदार कड उपयोगी पडते. अमेरिकेच्या एफ-१०४ या लढाऊ विमानाच्या पंखाची पुढची कड इतकी पातळ होती की जमिनीवर उभं असताना माणसांना इजा होऊ नये म्हणून तिला आवरण घालावं लागायचं. आपलं विमान त्या गावचं नाही.

बरं, पण धार असून नुकसान काय? पंख सपाट जात असताना फारसं नाही. उतरताना वेग कमी होतो, वजन तेवढंच असतं, म्हणून पंख वाऱ्याशी जास्त कोन करतो. कोन वाढला की हवा जिथे वर-खाली वाटली जाते ती जागा नाकाच्या टोकावरून खाली, पोटाकडे सरकते. वर जाणाऱ्या हवेला मग त्या जागेपासून पुढे येऊन, नाकाला वळसा घालून पाठीवर चढावं लागतं. गोल नाकावर हा वळसा मोठा, निवांत. टोकदार नाकावर तो आवळलेला. हवेचा वेग तिथे भयंकर वाढतो, दाब खोल पडतो, आणि लगेच पुढे तो दाब परत भरून काढायचा असतो. वाढत्या दाबाविरुद्ध जाणं म्हणजे हवेला चढ. आधीच पृष्ठभागाला घासून मंदावलेला हवेचा थर हा चढ चढू शकत नाही, आणि सुटतो. सुटतो तो नाकापासूनच, म्हणून डावे धागे एका दमात नाचले होते.

टीममधल्या एकानं तेवढ्यात जुनं पाठांतर काढलं: वरची हवा लांबच्या रस्त्यानं जाते, खालच्या हवेला मागच्या कडेशी वेळेवर गाठायचं असतं, म्हणून ती पळते. असलं काही नसतं. वरून गेलेली हवा खालच्या हवेच्या बरीच आधी मागे पोचते; तिला कुणाला गाठायचं नसतं. नुसत्या लांबीवर लिफ्ट ठरत असती तर दोन्ही बाजू सारख्या असलेले पंख उडालेच नसते, आणि कागदाचं विमानही. पंख हवेला खाली वळवतो, त्यात पाठीवरचा दाब कमी होतो, पोटाखालचा थोडा वाढतो. हे वळवणं पाठीवरची हवा चिकटून असेपर्यंतच नीट जमतं. प्रकरण सगळं चिकटण्याचं आहे.

फाळवाल्या मुलाचा चेहरा पडला होता, म्हणून त्याला एक गोष्ट सांगितली, आणि ती नुसती समजूत नव्हती. राईट बंधूंनी १९०१ साली डेटन गावात लाकडी खोक्याचं विंड टनेल बनवून सुमारे दोनशे लहान आकार तपासले. त्यांना पातळ, किंचित वाकवलेले पत्रे चांगले ठरले, आणि त्यांच्या मापाला, त्यांच्या वाऱ्याला ते खरंही होतं. पण नंतर वर्षानुवर्षं मोठ्या विमानांचेही पंख पातळ, टोकदार नाकाचेच बनत राहिले. जाड, गोल नाकाचा पंख हवेला जास्त अडवेल, असं जाणत्या इंजिनिअरांनाही वाटायचं. ही समजूत पहिल्या महायुद्धात मोडली. जर्मनीत युंकर्सनं १९१५ ला जाड पंखाचं धातूचं विमान उडवलं, आणि १९१७ चं तीन पंखी फोकर जाड छेदावरच झपाट्यानं चढायचं. म्हणजे फाळाची चूक करणारा तो पहिला नव्हता, आणि त्याच्या आधीचे चांगले शिकलेले होते.

राईट बंधूंच्या गोष्टीत आमच्या कप्तानच्या सेसनाचंही उत्तर आहे. हवेचा वेग आणि पंखाची रुंदी गुणून, हवेच्या चिकटपणाच्या हिशेबानं भागलं की रेनॉल्ड्स आकडा येतो. सेसना उतरताना तो पंचवीस लाखांच्या घरात, आमचा १ लाख ४० हजारांच्या आसपास. 'नाका' संस्थेच्या त्या जुन्या चाचण्याही तीस लाखांच्या आसपासच्या. लहान नमुन्यावर मोठा आकडा मिळावा म्हणून लँग्लीत टनेलमधली हवाच वीस पट दाबून भरत. छेद तोच, पण आमच्या मापाला तो कमी उचलतो, लवकर सुटतो, आणि नाकातली चूक कमी माफ करतो. सेसनाला चालतं म्हणून आम्हाला चालेल, हे मी मान डोलावून मान्य केलं होतं. तेव्हा हा आकडा काढायला मला पाच मिनिटं लागली असती.

काय केलं, काय नाही

स्पर्धेला अठरा दिवस उरले होते. एक गट म्हणाला, पंखच नवा करू आणि छेदही बदलू: एस-१२२३. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या मायकेल सेलिग यांच्या कामातून आलेला, लहान आणि संथ विमानांनी भरपूर वजन उचलावं म्हणूनच रचलेला. लिफ्ट गुणांक २ च्या वर जातो. कागदावर आमच्या जवळपास दुप्पट! मुलांच्या डोळ्यांत चमक होती. पण त्याची मागची बाजू वाळलेल्या आंब्याच्या पानासारखी पातळ आणि खाली वळलेली असते. जी टीम २४१२ ची मागची कड दोन मिलीमीटरच्या खाली आणू शकली नव्हती, ती हे फोममध्ये काय कापणार? शिवाय असा छेद विमानाचं तोंड खाली दाबतो. त्याला मोठी शेपटी लागते, म्हणजे अर्धं विमान नवं. मी नाही म्हणालो. दोन दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही.

दुसरा मार्ग सोपा होता: एलेरॉन थोडा वाकवून डावी बाजू सांभाळून घ्यायची आणि जास्त वेगानं उतरायचं. पायलटलाही तो चालला असता. पण सांभाळून घेतलेला पंख एका वेगाला सरळ राहतो, दुसऱ्याला नाही. आणि पट्टी लहान होती.

शेवटी डावं नाक नवं केलं. पुढची २० मिलीमीटर पट्टी कापून काढली, तिथे फोमचा नवा तुकडा चिकटवला. आकार देण्यासाठी मेन रोडवरच्या ओळखीच्या सुतारमामांकडे गेलो. त्यांनी पंख हातात धरून दोन्ही नाकांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्ये दोन येगळ्या मानसांनी केलंय का?"

तीन आठवड्यांचा आमचा तपास, दोन सेकंदांत.

त्यांनीच सांगितलं की बाहेरून बघत घासू नका, खाचेचा फर्मा करा: सनमायकाच्या तुकड्यात नाकाचा उलटा आकार कापायचा, तो पंखावर सरकवत जायचा आणि जिथे अडेल तिथेच घासायचं. दुपारभर ते काम फाळवाल्या मुलानंच केलं. संध्याकाळी कणकेचे साचे पुन्हा घेतले, आणि ८ चं ड्रिल दहाही ठिकाणी बसलं. मावशींनी यावेळी कणीक देताना विचारलं नाही.

आणखी दोन गोष्टी केल्या. दोन्ही एलेरॉन मूळ जागेपेक्षा दोन मिलीमीटर वर ठेवले, म्हणजे पंखाची टोकं मधल्या भागापेक्षा उशिरा सुटावीत. थोडी लिफ्ट गेली. वजनातून १०० ग्रॅम कमी करावे लागले, आणि त्यावर कप्तान अजून नाराज आहे. दुसरी गोष्ट म्हणजे नागमोडी टेप. आमच्या मापाच्या पंखावर पाठीवरची हवा सुरुवातीला गुळगुळीत थरांनी वाहते. असा थर दुबळा असतो. चढ आला की पटकन सुटतो आणि मागे जाऊन कधी परत चिकटतो, कधी नाही. त्याला नाकामागे थोडा अडथळा दिला की तो ढवळतो, आणि ढवळलेला थर जास्त तग धरतो. लेडीज टेलरकडच्या नागमोडी कात्रीनं टेपच्या पट्ट्या कापून घेतल्या आणि नाकापासून २५ मिलीमीटरवर दोन्ही भागांवर चिकटवल्या.

पुढे काय झालं

त्यानंतर आम्ही अकरा वेळा विमान उतरवलं. डावा पंख एकदाही पडला नाही. पिकअपवरच्या चाचणीत दोन्ही बाजूंचे धागे एका अंशाच्या आत सुटले. पायलटला मुद्दाम उंचावर नेऊन स्टॉल करायला लावलं. विमानानं नाक सरळ खाली टाकलं, कुठल्याच बाजूला नाही, आणि दोन मजली इमारतीएवढ्या उंचीत सावरलं. काठी उजवीकडे मारायची सवय मोडायला त्याला याच उड्डाणांनी मदत केली. आता तो आधी नाक खाली करतो, मग बाकी सगळं.

स्पर्धेत तिसऱ्या फेरीत पुढच्या चाकाचा बोल्ट निघाला आणि विमान पोटावर घसरत थांबलं. फेरी बाद. आधीच्या दोन फेऱ्या धरून टीम मधल्या नंबरांत राहिली. बोल्ट मीच घट्ट केला होता, हे टीमनं परीक्षकांना सांगितलं नाही.

टेपचा हिशेब मात्र राहिलाय. नाक आणि टेप आम्ही एकाच आठवड्यात बदलले. अठरा दिवसांत दुसरं काही शक्य नव्हतं, पण त्यामुळे कुणामुळे किती फरक पडला ते वेगळं काढता येत नाही. पंख जपून ठेवलाय. पाऊस उघडला आणि पहाटेचा वारा पडायला लागला की डाव्या भागावरची टेप काढून आणि उजवीवरची तशीच ठेवून पिकअप पुन्हा त्याच रस्त्यावर न्यायची ठरली आहे. यावेळी लोकरीचे धागे फाळवाला मुलगा चिकटवणार आहे. त्यानं मागून घेतलंय.